काउंट: बाराच्या बारा

रविवार, ८ जानेवारी

प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी. पास्टर ग्रेटांनी जाहीर केलं की चर्चला शंभर वर्षं होताहेत, म्हणून यंदाची हॉटडिश स्पर्धा (एकाच भांड्यात सगळं घालून ओव्हनमध्ये भाजायचं, ती हॉटडिश) नेहमीसारखी नाही. जी पहिली येईल ती १९ फेब्रुवारीच्या शतकी जेवणात तीनशे लोकांना वाढायची. शिवाय शतकी पाककृती-पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिची कृती, नावासकट.

डार्लिसने टेबलाखाली माझा हात दाबला. बायको असा हात दाबते तेव्हा एकतर निघायची वेळ झालेली असते किंवा मी काहीतरी बोललेलो असतो. आज दोन्ही नव्हतं. दहा वर्षं ती तिच्या आईची जंगली तांदळाची हॉटडिश घेऊन जाते आणि दहा वर्षं दुसरी येते. तिची आई गेली त्याला ४ मार्चला वर्ष होईल. आईच्या नावाने 'आर्डिसची हॉटडिश' असं पहिल्या पानावर छापून यावं, एवढंच तिच्या मनात आहे. गाडीत म्हणाली, शंभर वर्षांनी एकदा असं पुस्तक निघतं, यंदा नाही तर मग नाहीच.

गुण कोण मोजणार हा प्रश्न निघाला. बावीस वर्षं बर्निताबाई पाकिटाच्या मागे पेन्सिलीने मोजतात. वय एक्क्याऐंशी. मी हात वर केला. म्हणालो, आता हे कॉम्प्युटरवर व्हायला हवं, मी लायब्ररीत स्प्रेडशीटचा वर्ग केलाय. (चारपैकी दोन दिवस. उरलेले दोन सूत्रांचे होते आणि तळ्याच्या बर्फाखाली मासे चांगले लागत होते.)

कोणी नाही म्हणालं नाही. आमच्या गावात कोणी कशालाच नाही म्हणत नाही, पण माझ्या वेळी त्यात विश्वास दिसला.

संकल्प: काम असं करायचं की शंभर वर्षांनीसुद्धा लोकांनी आठवण काढावी.

मंगळवार, १० जानेवारी. सकाळी ९.१५

शोध लागला!

आकडे भरलेल्या चौकटी माउसने ओढून निवडल्या की स्क्रीनच्या अगदी तळाशी एक पट्टी आहे, तिच्यावर उत्तर आपोआप येतं. सरासरी, काउंट, बेरीज. सूत्र नाही, काही नाही. म्हणजे ते उरलेले दोन दिवस मी मासे पकडले ते बरोबरच केलं.

डार्लिसला दाखवलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, छान आहे. पाहिलं नाही.

गुरुवार, १२ जानेवारी

अजून मोठा शोध. त्या पट्टीवर राइट-क्लिक केलं की यादी उघडते. काय दाखवायचं, काय नाही, ते आपण ठरवायचं. ज्याच्यापुढे टिक तेच पट्टीवर. कमाल आणि किमान घेतलं. यादीत 'काउंट' आहे आणि त्याच्या खाली पुन्हा 'न्यूमेरिकल काउंट'. एकाच कामाला दोन माणसं. तीस वर्षं धान्याच्या कोठारावर काढली, असली खोगीरभरती मी ओळखतो. न्यूमेरिकलची टिक काढून टाकली. पट्टी कशी सुटसुटीत दिसायला लागली.

शनिवार, १४ जानेवारी

समितीला प्रात्यक्षिक. पास्टर ग्रेटा, बर्निताबाई आणि शेजारचा ड्वेन, जो कॉफीसाठी आला होता. गेल्या वर्षीचे गुण भरून नेले होते. चौकटी निवडल्या, पट्टीवर सरासरी आली. सगळे वाकून बघायला लागले. पास्टरांनी 'कुठे, कुठे' म्हणत माउसला हात लावला आणि सगळं गेलं. दुसरीकडे क्लिक झालं की पट्टी रिकामी होते. पुन्हा निवडलं. ड्वेनने टेबलावर कोपर टेकवलं. पुन्हा गेलं.

नियम केला: माझ्याशिवाय माउसला कोणी हात लावायचा नाही. माझ्या दोन फुटांच्या आत कॉफी आणायची नाही.

बर्निताबाईंनी विचारलं, यादीत दोन काउंट आहेत ते का? माणूस एक्क्याऐंशीचा झाला की नको तिथे नजर जाते. मी समजावून सांगितलं की एक नवं आहे आणि एक जुन्या लोकांसाठी ठेवलंय. त्या म्हणाल्या, "वेगळंच आहे हो."

गेल्या वर्षी पास्टरांनी प्रार्थनेत गिटार आणली तेव्हाही बर्निताबाई 'वेगळंच आहे' म्हणाल्या होत्या आणि गिटार परत दिसली नाही. पण आज सूर निराळा होता. कौतुकाचा होता.

रविवार, २२ जानेवारी

बारा परीक्षकांची नावं चिठ्ठ्या टाकून निघाली. त्यात माझंही आलं. डार्लिस म्हणाली, तू नाव मागे घे, बरं दिसत नाही. मी म्हणालो, उलट. भांड्यांवर फक्त नंबर असतात, नावाची चिकटपट्टी बुडाला. आणि तुझं भांडं ओळखू आलं तरी मी एक गुण जास्त देणार नाही. ती म्हणाली, मी जास्त मागतच नाहीये.

मग बराच वेळ भांडी धूत होती. भांडी स्वच्छच होती.

सर्दी झाली आहे. नाक पूर्ण बंद.

शनिवार, २८ जानेवारी. दुपारी १२.४०

बाहेर उणे चोवीस. चर्चचं तळघर गच्च. अकरा हॉटडिश. नाक अजून बंद, त्यामुळे मी पूर्ण नि:पक्षपाती आहे, कशाचीच चव लागत नाही.

नंबर चार डार्लिसची. तिच्या आईचं काचेचं भांडं आहे, कडेला टवका उडालेलं, मी शंभरात ओळखीन. मनात आलं, दहापैकी आठ द्यावेत. मग आलं, लोक काय म्हणतील. सात? सातलाही लोक बोलतील. सहा दिले. ताठ मानेने दिले.

नंबर नऊ लायलची. लायल वय वर्षं एकोणसत्तर, एकटा, सहा मैलांवर शेतात राहतो. सगळे खिमा घालतात, हा व्हिनेगरमधली हेरिंग मासळी घालतो. वर डब्यातलं मशरूम सूप, त्यावर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. दर वर्षी आणतो. खोलीत ती आल्याचं लोकांना न बघता कळतं म्हणे, मला आज कळलं नाही. गोळ्या छान कुरकुरीत होत्या. नऊ दिले.

ड्वेनने अकराही भांड्यांना सात-सात दिले. म्हणाला, सात म्हटलं की कोणी घरी येऊन भांडत नाही.

दुपारी २.५०

चिठ्ठ्या भरून झाल्या. आमच्या लोकांना नुसता आकडा लिहिताच येत नाही. कमी गुण द्यायचे म्हणजे माफी मागणार. नऊ नंबरला कोणी लिहिलंय, '३, पण मी सकाळी भरपूर नाश्ता केला होता'. कोणी, '२, मासे मला सोसत नाहीत, करणाऱ्याचा दोष नाही'. कोणी, '१, क्षमस्व'. आणि आवडलं की तेही आवरत नाही. चार नंबरला '१०!!', '१०, अगं बाई गं', '१०, आर्डिस असती तर'.

मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. जशी चिठ्ठी तशी चौकट. लोकांच्या शब्दांना हात लावणारा मी नव्हे.

एक त्रास झाला. काही चौकटी डावीकडे चिकटत होत्या, काही उजवीकडे. कॉम्प्युटरचं आपलं काहीतरी. दिसायला अगदी गबाळं. सगळं निवडून मध्यभागी आणलं. आता कसं शिस्तीत.

दुपारी ३.३०

निकाल लागला. प्रत्येक भांड्याची रांग निवडायची, आधी काउंट बघायचा. बारा परीक्षक, काउंट बारा. अकराही रांगांना काउंट बाराच्या बारा! एकाचाही गुण सुटला नाही. पाकिटावर अशी खात्री होते का?

चार नंबर: सरासरी ६.५. कमाल ७.

वाईट वाटलं. टाइप करताना दहा बरेच आल्यासारखे वाटले होते, पण मन बायकोच्या बाजूने झुकणारच. पट्टी झुकत नाही. दोनदा निवडून पाहिलं, साडेसहाच.

बाकीच्या सातच्या आसपास. बर्निताबाईंची ट्यूना माशाची ७.६.

नऊ नंबर: सरासरी ८. किमान ७.

मी उठून जाहीर केलं. नंबर नऊ!

तळघरात कॉफीचं मोठं भांडं गुरगुरताना ऐकू आलं. मग लायल उठला, टोपी काढली. आणि टोपीतच तोंड घातलं. तेव्हा पास्टरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या, बराच वेळ.

कोपऱ्यात बर्निताबाई त्याच चिठ्ठ्या, पाकीट आणि पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. बसू दे. जित्याची खोड. त्या डार्लिसला कोट घालायला मदत करत काहीतरी पुटपुटत होत्या.

गाडीत मी डार्लिसला म्हणालो की दहा वर्षं दुसरी येत होतीस, यंदा अकरावी आलीस, म्हणजे निदान साचलेपण तरी गेलं. तिने खिडकीची काच खाली केली. उणे चोवीसमध्ये.

सोमवार, ३० जानेवारी

पारदर्शकता हवी म्हणून निकालाच्या चाळीस प्रती छापल्या. आडव्या ओळीत भांडी, वर परीक्षकांची नावं, सगळे गुण. पण कागदावर पट्टीच आली नाही! पट्टी छापली जात नाही म्हणे. म्हणजे सरासरीच नाही. शेवटी बसलो आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी पेनने पट्टी आखली आणि तीत सरासरी, काउंट, कमाल, किमान लिहिलं. अकरा भांडी, चाळीस कागद. संध्याकाळपर्यंत मनगट सुजलं.

एक प्रत फ्रिजवर लावली. दुपारी दिसली नाही. चुंबक सैल झालं असेल.

बुधवार, ८ फेब्रुवारी

पास्टर ग्रेटांचा फोन. उद्या पुस्तक छपाईला जातंय. म्हणाल्या, तसं काही नाही हं ऑर्लिन, पण तुम्हाला सहज वाटलं, वेळ असला, इच्छा झाली, तर एकदा आकडे बघावेसे वाटतात का. नाही वाटले तरी काहीच हरकत नाही.

किती नम्र बाई. मी म्हणालो, पास्टर, मी तीनदा बघितलेत. त्या म्हणाल्या, बरं तर मग. फोन ठेवेपर्यंत सात वेळा 'बरं तर मग' म्हणाल्या. माझ्यावरचा ताण त्यांना बघवत नसावा.

विचार: पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्याच्या चर्चना पट्टी शिकवावी. एक दिवसाचा वर्ग. दोन दिवस कशाला?

रविवार, १९ फेब्रुवारी

शतकी जेवण. तीनशे माणसं. तीन दिवस आधीपासून बायका तळघरात हेरिंगच्या हॉटडिश लावत होत्या. वीस मोठी पातेली. डार्लिसही होती. तिने एकटीने चार केली. तिला मी शाबासकी दिली.

लायल टाय लावून आला होता. टाय बहुधा त्याच्या वडिलांचा. स्वतः उभा राहून वाढत होता आणि प्रत्येकाला सांगत होता की ही आपली स्वतःची कल्पना, आईला सुद्धा आवडली नव्हती. लोकांनी नाण्याएवढी घेतली. कोणाचं पथ्य होतं, कोणाचं पोट आधीच भरलं होतं, कोणी दुसऱ्यांना पुरावी म्हणून थांबलं होतं. समजूतदार समाज. माझं नाक आता मोकळं झालंय. मीही थांबलो.

सगळ्यांनी लायलला सांगितलं, वेगळंच आहे. अगदी वेगळं. तो प्रत्येक वेळी 'हो ना!' म्हणायचा.

पुस्तक आलं. पान एक: लायलची हेरिंग हॉटडिश. डार्लिसची पान सदुसष्टवर, गाजराच्या कोशिंबिरीच्या खाली. आर्डिसचं नाव जागेअभावी गेलं.

नऊ पातेली उरली. टाकणं बरं दिसत नाही. आपल्याकडे मोठा फ्रीझर आहे, डार्लिस म्हणाली आणि घेऊन आली.

सोमवार, २० फेब्रुवारी. सकाळी १०.००

बर्निताबाई येऊन गेल्या. लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. हवेबद्दल बोलल्या, कंबरेबद्दल बोलल्या, दारात जाऊन परत हवेबद्दल बोलल्या. मग पर्समधून पाकीट काढलं. म्हणाल्या, "मी गेल्यावर कोणी फेकून देईल रे, तुझ्याकडे असू दे. तसं त्यात काही नाही."

पाकिटामागे पेन्सिलीने बेरजा. चार नंबर: १११. नऊ नंबर: ४३.

बिचाऱ्या. कुठल्या कुठे भरकटल्या. ठरवलं, त्यांना एकदा प्रेमाने चूक दाखवून द्यायची. यादीतलं सगळं चालू करतो, कुठलीच शंका नको.

सकाळी १०.२०

राइट-क्लिक. न्यूमेरिकल काउंटला टिक.

चार नंबर. काउंट १२. न्यूमेरिकल काउंट २.

सकाळी १०.२५

फाइल बंद केली. उघडली. २.

नऊ नंबर. २.

सकाळी ११.१०

कोणते दोन ते शोधलं. माझा आणि ड्वेनचा. आम्ही दोघांनीच नुसता आकडा लिहिला होता. '१०!!' हा त्याच्या दृष्टीने आकडाच नाही, ते वाक्य. माफी मागून दिलेले दोन-तीनसुद्धा वाक्यच. मधल्या भांड्यांबद्दल कोणाला काही म्हणायचं नव्हतं म्हणून त्यांचे आकडे बहुतेक शाबूत राहिले. काउंट सगळं मोजतं, सरासरी फक्त आकडे धरते. हे बहुतेक तिसऱ्या दिवशी शिकवलं असणार.

पेन्सिल घेऊन पाकिटावर बर्निताबाईंची बेरीज तपासली. एकशे अकरा. सरासरी सव्वानऊ. डार्लिस पहिली आली होती. दुसरं कोणी जवळपासही नव्हतं.

कोणाला सांगू? लायलला? त्याने टाय लावला होता.

पुस्तकं तीनशे छापलीत.

लिंबाच्या वड्या सगळ्या खाल्ल्या. लाज वाटते आहे. वड्यांची नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

डार्लिसला सांगितलं. आधी सॉफ्टवेअरबद्दल पाच मिनिटं बोललो, मग वर्गाच्या वेळा कशा गैरसोयीच्या होत्या ते. मग सांगितलं.

ती म्हणाली, माहीत आहे. त्याच दिवशी कळलं, कोटाची बटणं लावताना बर्निताबाईंनी सांगितलं. पास्टरांनाही माहीत होतं. ड्वेनलासुद्धा. गावात मी आणि लायल सोडून सगळ्यांना.

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? पुस्तक छापायचं होतं अजून! ती म्हणाली, "लायल टोपीत रडत होता, ऑर्लिन. त्याच्याकडून काढून घेऊ म्हणतोस? आईनेच मला वरून खाली येऊन झोडलं असतं."

मला बरं वाटायला लागलं. म्हणालो, म्हणजे चूक त्या पट्टीची आहे हे तुला पटतंय तर.

तिने ओट्याचा खण उघडला. फ्रिजवरची प्रत घडी घालून ठेवलेली होती. उलगडली. चार नंबरच्या रांगेवर बोट फिरवत माझ्या नावाखाली आली आणि थांबली.

"हे सहा काही पट्टीने दिलेले नाहीत," म्हणाली.

मी नि:पक्षपातीपणाबद्दल एक वाक्य सुरू केलं होतं. ते पूर्ण केलं नाही.

शनिवार, ४ मार्च

आज आर्डिस जाऊन वर्ष झालं. संकल्प केला होता: पान सदुसष्ट उघडायचं आणि डार्लिसच्या आईची हॉटडिश मी स्वतः करायची. माफी नुसती तोंडाने मागण्यापेक्षा बरं. कृती सोपी आहे, अर्धं पान. जंगली तांदूळ आधी शिजवून घ्यायचा असतो हे पुस्तकात नाही. जागेअभावी गेलं असेल.

आर्डिसच्याच टवका उडालेल्या भांड्यात केली. मेणबत्ती लावली. डार्लिस समोर बसली, रुमाल मांडीवर घेतला, एक घास घेतला. तांदूळ चावल्याचा आवाज येत होता. तिने दुसराही घास घेतला, हे नमूद करतो.

मग भांड्याकडे बघत म्हणाली, "वेगळंच आहे."

आणि उठून फ्रीझरमधून एक पातेलं काढून माझ्यासाठी गरम करायला ठेवलं. नऊच्या नऊ झाकणांवर चिकटपट्टी लावून तिने माझं नाव घातलंय.

उरली ८.